दिवाळीनंतरचे दुकान



रायपूरजवळच्या सिलतऱ्यात दिवाळीची चाहूल कारखान्यांच्या फाटकांवर लागते. बोनस होतो, मिठाईचे पुडे आणि भेटवस्तूंचे खोके वाटले जातात, पाळी सुटली की रायपूर–बिलासपूर रस्त्यावरची दुकाने गजबजतात. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल आणि वीजप्रकल्पांच्या या पट्ट्यात ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश, विदर्भ अशा कितीतरी मुलखांतून आलेली माणसे नांदतात. त्याच दिवसांत आसपासच्या गावबाजारांत कुंभारणी मातीच्या ग्वालिनी मांडून बसतात. डोक्यावर आणि हातांवर पणत्या पेलणारी ही बाई म्हणजे छत्तीसगढच्या दिवाळीची खूण. सुआ नृत्य करणाऱ्या बायका बांबूच्या टुकनीत धान भरून त्यावर मातीचा राघू ठेवतात. गोवर्धनपूजेच्या सुमारास गुराखी राऊत गुरांच्या गळ्यात हाताने गुंफलेली सोहई बांधतात. इथला सण हाताने घडवलेल्या वस्तूंवाचून पुरा होत नाही. आणि तरीही, दिवाळीला या पट्ट्यात जो पैसा खेळतो, त्यातला फार थोडा त्या हातांपर्यंत जातो.

म्हणूनच यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय आम्ही ठरवला: कारागीर आणि त्याचे दुकान.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. कारागिराकडे कौशल्य भरपूर आहे आणि त्याचे कौतुक करणारेही कमी नाहीत. त्याची अडचण वेगळीच आहे. वस्तू घडते एका महिन्यात आणि विकली जाते दुसऱ्याच महिन्यात. या मधल्या काळात त्याच्या घरची चूल कशावर पेटायची, हा त्याचा खरा प्रश्न आहे. तो भार आज एकतर कारागीर स्वतः सोसतो किंवा व्यापारी उचलतो आणि त्याची किंमत वसूल करतो. हा भार समाजाने वाटून घ्यायचा, तर त्यासाठी बारा महिने उघडे राहणारे आणि माल हातात घेताच पैसे मोजणारे दुकान लागते.

रायपूरहून धमतरी, कांकेर आणि केशकालचा घाट ओलांडून दक्षिणेला गेले की बस्तरचे कोंडागाव लागते. तिथल्या घडवा समाजाचे ढोकरा काम जगाला ठाऊक आहे. त्यामागचे कष्ट मात्र विकत घेणाऱ्याला क्वचितच माहीत असतात. माती आणि भाताचे तूस मळून आधी आतला आकार घडवायचा, तो वाळवायचा आणि घासून गुळगुळीत करायचा. मग मधमाशांच्या मेणाचे बारीक धागे ओढून ते त्यावर एकेक करून गुंडाळायचे. दागिने, डोळे, वस्त्राची किनार, सारे मेणातच उमटते. त्यावर पुन्हा मातीचे लेप चढतात. भट्टीत मेण वितळून निघून जाते आणि त्या पोकळीत वितळलेले पितळ ओततात. थंड झाल्यावर साचा फोडला की मूर्ती बाहेर येते. साचा फुटला म्हणजे तो पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे एका मूर्तीसारखी हुबेहूब दुसरी मूर्ती नसते. मोहेंजोदडोची नर्तकी याच रीतीने ओतलेली आहे. इतकी जुनी विद्या आजही एखाद्या घराच्या अंगणात जिवंत असणे ही साधी गोष्ट नाही.

या कामाचा हिशेब पाहा. पितळ, मेण आणि कोळसा यांना पैसे आधी मोजावे लागतात. पावसाळ्यात माती वाळत नाही, भट्टी नीट लागत नाही, काम मंदावते. गिऱ्हाईक मात्र येते दिवाळीला, लग्नसराईत किंवा हिवाळ्यात पर्यटक येतात तेव्हा. कुंभाराचे गणित याहून अवघड आहे. त्याचा माल नाजूक, भाव कमी आणि विक्रीचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दिवाळी उलटली की उरलेल्या ग्वालिनी कोण घेणार? सूप, पर्रा, बिजना, टुकन्या विणणाऱ्या बांबू कारागिराला लग्नसराईत उसंत नसते आणि एरवी काम नसते.

अशा वेळी गावात व्यापारी येतो आणि रोख पैसे देतो. त्याला नुसता लबाड ठरवून भागणार नाही, कारण भर आषाढात कारागिराला पैसे देणारा बहुतेक वेळा तोच एकटा असतो. त्या सोयीसाठी तो भाव पाडून घेतो आणि कारागीर तो पडता भाव स्वीकारतो, कारण घरातले धान्य उद्यापर्यंत थांबत नाही. उलट, सदिच्छेने उघडलेली कितीतरी दुकाने ‘विकल्यावर पैसे’ या बोलीवर माल ठेवून घेतात. हेतू चांगला असला, तरी जोखीम सगळी कारागिराच्या माथी येते. सहा महिने फळीवर पडलेल्या मूर्तीत त्याचे पितळ अडकते आणि मजुरीही अडकते. त्याच्या बाजूने उभे राहायचे असेल, तर व्यापारी करतो ते एक काम आपणही केले पाहिजे: माल घेताना पैसे देणे. फरक एवढाच, की भाव रास्त हवा.

वस्तू विकण्यासाठी जागाच नाही, अशी स्थिती मुळीच नाही. राज्याच्या हस्तशिल्प विकास मंडळाची ‘शबरी’ एम्पोरियम आहेत, रायपूरला पंडरीचा छत्तीसगढ हाट आहे, ‘बिहान’ या ग्रामीण उपजीविका अभियानातल्या बचतगटांच्या दीदी सणासुदीला स्टॉल लावतात. बस्तरच्या ढोकऱ्याला, लोहशिल्पाला आणि काष्ठशिल्पाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत कुंभार, लोहार, टोपल्या विणणारे अशा १८ व्यवसायांना दोन हप्त्यांत मिळून ३ लाख रुपयांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने देण्याची तरतूद आहे. हे सगळे स्वागतार्ह आहे. पण कर्जाने घडवणे सोपे होते, विकणे सोपे होत नाही. मानांकनाने वस्तूचे नाव राखले जाते, पण ती वस्तू कार्तिक संपल्यावर विकत घेणारा माणूस त्यातून मिळत नाही. आणि एम्पोरियम असते शहराच्या मोठ्या रस्त्यावर. सिलतऱ्याच्या कामगार वस्तीतून तिथे मुद्दाम कोण जाणार?

दुकानाचे मोल आपल्या आधीच्या पिढ्यांनी ओळखले होते. स्वदेशीची चळवळ पेटली तेव्हा देशी माल घ्या हे नुसते सांगून भागणार नाही, तो मिळेल अशी पेढीही हवी, हे लोकमान्य टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाणले. १९०६ साली मुंबईत स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स निघाले ते यातूनच. ‘द बॉम्बे स्टोअर’ या नावाने ते आजही चालू आहे. त्याच वर्षी माधवराव सप्रे यांनी टिळकांच्या ‘केसरी’तील लेखांच्या आधारे ‘स्वदेशी आंदोलन और बायकाट’ ही हिंदी पुस्तिका काढली. पुढे सरकारने ती जप्त केली. सप्रे हे छत्तीसगढातल्या प्रत्येक मराठी माणसाच्या अभिमानाचे नाव. १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणाऱ्या या मराठीभाषकाने छत्तीसगढातल्या हिंदी पत्रकारितेचा पाया घातला. त्यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले, आणि देशी कारागिराची बाजूही हिंदी वाचकापर्यंत पोहोचवली. दोन भाषांच्या वेशीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी काय करावे, याचा धडा त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच घालून दिला आहे.

दुसरा धडा आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. रायपूरहून दुर्ग, गोंदिया, नागपूर करीत पुढे गेले की वर्धा. १९३४ च्या अखेरीस तिथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी त्याची धुरा वाहिली. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ते जुन्या वस्तू काचेआड ठेवण्याचे ठिकाण व्हावे, अशी त्यामागची कल्पना नव्हती. अवजार कसे सुधारले, वस्तू कशी घडते आणि ती विकत कुठे घ्यायची, हे एकाच छताखाली पाहता यावे म्हणून ते उभे राहिले. आजही तिथे नैसर्गिक रंगांत रंगवलेली खादी आणि ग्रामोद्योगी वस्तू विकत मिळतात. कारागीर आणि गिऱ्हाईक यांना एकमेकांची ओळख झाली, की भावावरून होणारी घासाघीस आपोआप कमी होते. एक मूर्ती घडायला किती हात आणि किती दिवस लागतात हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालत नाही.

सिलतऱ्यात असे दुकान व्हावे, अशी आमची इच्छा आहे. ते मोठे नसले तरी चालेल. ज्या पट्ट्यात रोज टनांनी लोखंड तयार होते, तिथेच बस्तरच्या लोहारांनी भंगार लोखंड तापवून, ठोकून घडवलेले दिवे, हरणे आणि नाचणारी जोडपी एका फळीवर मांडलेली असावीत. शेजारी ढोकऱ्यातली झिटकू-मिटकी ही लोककथेतली जोडी, रायगढजवळच्या एकतालच्या झारा कारागिरांचे पितळकाम, चांप्याचा कोसा, जवळपासच्या गावांतल्या टुकन्या आणि मडकी असावीत. दुकान कारागीर, कामगार आणि रहिवासी यांनी मिळून चालवावे. त्याचे नियम मात्र चोख हवेत. माल घेतला की पैसे त्याच दिवशी. प्रत्येक वस्तूवर घडवणाऱ्याचे नाव आणि गाव. विक्रीच्या किमतीतले किती त्याला गेले, हे त्याच चिठ्ठीवर लिहिलेले. आणि सदोष माल निःसंकोच परत करण्याची हिंमतही हवी, कारण दया म्हणून घेतलेली तडकलेली वस्तू दुसऱ्यांदा कोणी घेत नाही. कोंडागावचे जयदेव बघेल यांचे नाव ढोकऱ्यामुळे देशोदेशी पोहोचले. बाकीच्या असंख्य कारागिरांची निदान चिठ्ठीवर तरी ओळख राहावी, एवढी अपेक्षा फार नाही.

हे दुकान चालेल कसे? याचे उत्तर सिलतऱ्याच्या हातात आहे. इथले कारखाने दरवर्षी कामगारांना, ग्राहकांना, पुरवठादारांना दिवाळीची भेट देतात. त्या भेटींतला एक हिस्सा जरी कारागिरांकडून घ्यायचा ठरवला आणि मागणी ज्येष्ठातच आगाऊ रकमेसह नोंदवली, तर पावसाळ्याचे रिकामे महिने भरून निघतील. आश्विनात ऐनवेळी मागितलेल्या पाचशे वस्तू हाताने घडत नाहीत. ज्येष्ठात मागितल्या तर सावकाश आणि नीट घडतात. दुकानाचे खेळते भांडवल उभारण्याचाही मार्ग आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि त्या कामांच्या यादीत पारंपरिक कला व हस्तकलांचा विकास स्पष्टपणे नोंदलेला आहे. कामगारांच्या भेटीचा खर्च यात धरता येत नाही, पण कारागिरांच्या प्रशिक्षणाचा, अवजारांचा, दुकानाच्या उभारणीचा विचार नक्की करता येतो. कारखानदार वाचकांनी हा प्रस्ताव आपल्या संचालक मंडळापुढे ठेवावा, अशी आमची मनापासून विनंती आहे.

आपल्या मराठी घरांनाही एक गोष्ट सांगायची आहे. रायपूरचा तात्यापारा असो, चौबे कॉलनी असो की सिलतऱ्याची वसाहत, मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होते. प्रत्येक घरातून डझनांनी वाण लुटले जाते. पौषात अनेक कारागिरांकडे काम नसते आणि आपण मात्र वाणासाठी प्लॅस्टिकचे डबे शोधत फिरतो. त्याऐवजी विणलेली छोटी टुकनी, मातीची बोळकी किंवा लोखंडी दिवा दिला, तर एका वस्तीच्या हळदीकुंकवात एका कुटुंबाचा महिना निघेल. मंगळागौरीला सूप लागते, रुखवतात नवलाईच्या वस्तू लागतात, गौरी-गणपतीला मखर लागते. आपले सण वर्षभर पसरलेले आहेत. त्यांचा हात धरून कारागिराची विक्रीही वर्षभर पसरू शकते.

या अंकात घडवा कुटुंबांशी सविस्तर गप्पा आहेत, वर्ध्याच्या ग्रामोद्योग चळवळीवर लेख आहे, छत्तीसगढी दिवाळीच्या मातीकामावर छायाचित्रांसह टिपण आहे. कथा-कविता आहेत आणि मुलांसाठी स्वतंत्र विभागही आहे.

यंदाच्या दिवाळीत ग्वालिन घ्या, पणत्या घ्या, आणि भाव न पाडता घ्या. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे घेताना घडवणाऱ्याचे नाव, गाव आणि फोन नंबर लिहून ठेवा, आणि संक्रांतीच्या वाणाची मागणी त्याच वेळी आगाऊ पैसे देऊन नोंदवा. सिलतऱ्यातल्या दुकानासाठी वेळ, जागा किंवा भांडवल देऊ इच्छिणाऱ्यांनी आम्हाला जरूर कळवावे. पुढच्या ज्येष्ठापर्यंत पहिली मागणी कारागिरांच्या हाती पडावी, असे आम्ही ठरवले आहे, आणि त्यासाठी आम्हाला तुमची साथ हवी आहे.



– संपादक