कोठीची किल्ली

शाळेतले विद्यार्थी-नेतृत्व म्हणजे शाळेच्या रोजच्या कारभाराचा काही भाग मुलांनी स्वतः चालवणे आणि त्याचा हिशेब सर्वांसमोर मांडणे. यातला पहिला अर्धा भाग बहुतेक शाळांना पटतो. दुसरा अवघड जातो, पण नेतृत्वाची रीत शाळेत मुरते ती त्या दुसऱ्या भागामुळेच. वर्धा जिल्ह्यात हे दोन्ही भाग एकत्र करून पाहिले गेले, आणि तेही स्वातंत्र्याच्या आधीपासून.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी, दिवाळीच्या तोंडावर, वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, म्हणजेच नवभारत विद्यालयात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच प्रांतांत आली होती आणि मुलांना काय शिकवायचे हा प्रश्न आता त्यांच्या दारात होता. परिषदेने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीत विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू ही माणसे होती. समितीचा अहवाल डिसेंबरात आला, फेब्रुवारी 1938 मध्ये हरिपुरा काँग्रेसने हस्तोद्योगातून शिकवण्याची ही बुनियादी शिक्षणाची, म्हणजेच नई तालीमची, योजना उचलून धरली आणि हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. संघाचे काम वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवरच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, सुरू झाले. ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने ते अनेक वर्षे वाहिले.

अहवालातले वेळापत्रक आजही चक्रावून टाकते. साडेपाच तासांच्या शाळेत 3 तास 20 मिनिटे हस्तोद्योगाला होती. मातृभाषेला 40 मिनिटे, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून अर्धा तास. या योजनेवर टीका करणाऱ्यांनी मुलांना मजुरीला जुंपल्याचा आरोप केला आणि तो अगदीच निराधार नव्हता. उत्पन्नाचा हट्ट धरला तर चरखा शिकवायचे सोडून राबवू लागतो. पण उद्योगाचा एक गुण या टीकेत दिसत नाही. सूत मोजता येते. ते तुटले, जाड-बारीक निघाले, तर सगळ्यांना दिसते. पेळू किती घेतले आणि गुंड्या किती झाल्या हे मुलाला स्वतःच सांगावे लागते. पाठांतरात चूक शिक्षकाला सापडते, कामात ती मुलालाच सापडते. जबाबदारीची सुरुवात इथून होते.

सेवाग्रामच्या शाळेने हा धागा वर्गाबाहेर नेला. शाळा हे एक छोटे गाव मानले गेले आणि त्याचा कारभार मुलांच्या आमसभेकडे आला. मुले आपल्यातून मंत्री निवडत. स्वयंपाकघर, आरोग्य, सफाई अशी खाती वाटून घेत. आणि केलेल्या कामाचा अहवाल आमसभेपुढे ठेवत. या सर्वांत स्वयंपाकघराचे खाते सर्वांत कठीण, आणि म्हणून सर्वांत शिकवणारे. जेवायला किती जण, पाहुणे किती, कोठीत ज्वारी किती उरली, बागेत भाजी कोणती तयार आहे, तेल कोणत्या मापाने काढायचे, डाळ महाग झाली तर पोषण कशातून भरून काढायचे, हे सारे आदल्या दिवशीच ठरवावे लागते. अंदाज चुकला तर भर दुपारी पंगत अर्धपोटी उठते आणि आमसभेत त्याबद्दल विचारले जाते. गणित, आहारशास्त्र, जमाखर्च, माणसे सांभाळणे यांचे वेगळे तास तिथे लावावे लागत नाहीत. या शाळेत शिकलेले डॉ. अभय बंग यांनी पुढे आपल्या शाळेविषयी लिहिले, तेव्हा गणित आणि आहारशास्त्र कसे रोजच्या कामांतून कळत गेले याची आठवण त्यांनी आवर्जून सांगितली.

सफाईचे खाते वेगळ्या अर्थाने मोठे होते. ज्या समाजात मैला उचलणे एका जातीच्या माथी मारले होते, तिथे संडास साफ करण्याची पाळी सर्व मुलांवर आली. पुढारी म्हणजे हुकूम सोडणारा, ही समजूत इतक्या स्पष्टपणे मोडून काढणारा दुसरा धडा सापडणे कठीण. आधी हातात झाडू घ्यायचा, मग खाते सांभाळायचे, हा क्रम तिथे होता.

शिक्षकाचे काम यात कमी होत नाही, उलट वाढते. आर्यनायकम आणि आशादेवी रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनातून वर्ध्याला आले होते. मुलांवर विश्वास टाकणे त्यांना नवे नव्हते. साधारण त्याच काळात इंग्लंडमध्ये ए. एस. नील यांच्या समरहिल शाळेत नियम ठरवणाऱ्या सभेत लहान मुलाचे आणि मुख्याध्यापकाचे मत सारखेच धरले जाई. सेवाग्रामची वाट निराळी होती. तिथे मुलांच्या अधिकाराचा पाया श्रम हा होता, आणि शिक्षक त्याच भाजीच्या परातीशी बसलेला असे.

हा प्रयोग पुढे का थांबला, हेही नोंदवले पाहिजे. बुनियादी शाळेचे शिक्षण पुढच्या कॉलेजच्या दारात चालेल का, याची पालकांना खात्री नव्हती. सरकारी शाळांनी तकली घेतली आणि आमसभा सोडली, त्यामुळे गावोगाव फक्त कंटाळवाणी सूतकताई पोचली. 1959 मध्ये तालीमी संघ गांधीवादी रचनात्मक काम करणाऱ्या सर्व सेवा संघात विलीन झाला आणि काही वर्षांनी सेवाग्रामची शाळाही बंद पडली. शेतकरी बापाने मुलाला शेतीपासून दूर नेणारी शाळा निवडली, याचा दोष त्याला देता येत नाही.

आज महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांत शालेय मंत्रिमंडळ असते. निवडणूक होते, शपथविधी होतो, मुलांच्या छातीवर बिल्ले लागतात. मुले हे सारे मनापासून करतात. अडते ते पुढे. आरोग्यमंत्र्याकडे औषधाची पेटी नसते आणि क्रीडामंत्र्याला चेंडू मागायला कार्यालयात जावे लागते. ज्या खात्यात वस्तू नाही, पैसा नाही, चुकण्याची मुभा नाही, त्या खात्याचा हिशेब तरी कशाचा द्यायचा? वर्गातली हुशार, धीट मुलेच वर्षानुवर्षे निवडून येतात आणि मागच्या बाकावरची मुलगी दहावीपर्यंत कोणत्याही यादीत नसते. पाळीने काम फिरवले तर तीही एके दिवशी कोठारात उभी राहते. शाळा व्यवस्थापन समितीतही विद्यार्थी प्रतिनिधी असतात, पण त्यांना मताचा अधिकार नाही. निदान पोषण आहार आणि स्वच्छतागृहाचा विषय निघेल तेव्हा आधी त्यांना बोलू द्यावे, एवढे प्रत्येक समितीला आजपासून करता येईल.

सेवाग्रामात 2005 पासून नई तालीम समितीची आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा चालते. तिथे मुले शेतात काम करतात, स्वयंपाक करतात, सूत काततात. प्रत्येक गावाला असे आवार मिळणार नाही. त्याची गरजही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत परसबाग असते, शालेय पोषण आहाराचे धान्य येते, पुस्तकांचे एक कपाट असते. कपाटाची किल्ली सहावीच्या दोन मुलींकडे महिनाभर द्यायची. कोणते पुस्तक कोणी नेले, कोणते फाटले, कोणते हरवले, हे त्यांनी वहीत लिहायचे. हरवलेल्या पुस्तकाबद्दल शिक्षकाने रागवायचे नाही. ते शोधायचे कसे हे मुलींनीच ठरवायचे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी परिपाठाला ती वही सर्वांसमोर वाचायची, मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यायची आणि किल्ली पुढच्या दोघांच्या हाती सोपवायची.