गुंड्याभाऊ कुठं गेले?

जुन्या मालिकांचा विषय निघाला की साठीपुढची मंडळी आधी शीर्षकगीत गुणगुणतात. कथानक नंतर, तेही अर्धवट. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. चाळीत टीव्ही एखाद्याच घरी, बाकीचे सतरंजीवर. त्याच दशकात चिं. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या रूपात पडद्यावर आला आणि त्याच्या जोडीला आलेले बाळ कर्वे अनेकांसाठी कायमचे गुंड्याभाऊच झाले. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ही सगळ्यांना आठवतो; तो साकारणाऱ्या जॉय घाणेकरचं नाव मात्र पटकन ओठांवर येत नाही. ‘दामिनी’चा विषय निघाला की या मंडळींतल्या काकू सरसावतात. प्रतीक्षा लोणकरची ती पत्रकार रोज दुपारी भेटायची, आणि काकूंची वामकुक्षी तिच्यापायी हुकायची!