कारवार नावाच्या दोन नौका

९ मे २०१७ रोजी मुंबईत ‘कारवार’ आणि ‘काकिनाडा’ या दोन सुरुंगनाशक नौकांवरील नौदलाचा ध्वज अखेरचा उतरवण्यात आला. एखादी विमानवाहू नौका निवृत्त होते तेव्हा अग्रलेख लिहिले जातात. माइनस्वीपरच्या वाट्याला तेवढे भाग्य येत नाही. वस्तुतः बंदरे उघडी ठेवण्याचे काम तीच करते.

पाणसुरुंगाचे अर्थशास्त्र साधे आणि निष्ठुर आहे. १९८८ मध्ये इराणच्या आखातात सुमारे दीड हजार डॉलर किमतीच्या सुरुंगाने अमेरिकेची ‘सॅम्युएल रॉबर्ट्स’ ही युद्धनौका जवळजवळ दुभंगली. दुरुस्तीला नऊ कोटी डॉलरच्या आसपास खर्च आला. मुंबईलाही हा अनुभव नवा नाही. ‘वोल्फ’ या जर्मन नौकेने १९१७ मध्ये मुंबईच्या समुद्रात सुरुंग पेरले आणि त्यांपैकी एकावर ‘मंगोलिया’ ही टपालबोट बुडाली. सुरुंगांच्या नुसत्या शंकेने बंदर बंद पडते, आणि बंदर बंद पडले की पहिला खाडा गोदी कामगाराचा होतो.

‘कारवार’ हे नाव धारण करणारी पहिली सुरुंगनाशक नौका १९५६ साली ब्रिटनकडून आली. चुंबकीय सुरुंगांना चाहूल लागू नये म्हणून तिचा सांगाडा अॅल्युमिनियमचा आणि बाहेरचे अंग लाकडी होते. डॉ. लोहियांनी १९४६ साली मडगावात ज्या लढ्याला तोंड फोडले, त्याच्या शेवटच्या पर्वात, डिसेंबर १९६१ च्या गोवा मोहिमेत, ही नौका सहभागी होती. दुसरी ‘कारवार’ जुलै १९८६ मध्ये सोव्हिएत संघातील रिगा बंदरात नौदलात दाखल झाली. रुपयांत फेड करण्याच्या त्या व्यवहाराने परकीय चलन वाचले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पाच वर्षांत विकणारा देशच नकाशावरून नाहीसा झाला.

दोन्ही वेळा नौका बाहेरून आली. देशात कौशल्य नव्हते, असे म्हणावे तर सार्वजनिक क्षेत्रातील माझगाव गोदीने साठच्या दशकाच्या अखेरीस ‘भटकळ’ व ‘बुलसार’ या लहान सुरुंगनाशक नौका बांधल्याच होत्या. तो धागा पुढे कोणी कातला नाही.

तिसऱ्या पिढीची कथा अधिक खेदजनक आहे. २००८ मध्ये निविदा निघाल्या. दलालांच्या आरोपांत त्या अडकल्या आणि २०१४ मध्ये रद्द झाल्या. त्यानंतर सुमारे ३२,००० कोटींचे १२ नौकांचे काम गोवा शिपयार्डकडे सोपवण्याचे ठरले. पोर्तुगीजांनी १९५७ मध्ये उभारलेला आणि मुक्तीनंतर भारत सरकारकडे आलेला हा कारखाना. पहिली ‘कारवार’ ज्या भूमीच्या मुक्तीसाठी निघाली, तिथेच तिची वारस घडणार होती! कारखान्याने विस्तारही हाती घेतला. पण तंत्रज्ञान देणाऱ्या दक्षिण कोरियन कंपनीशी वाटाघाटी फिसकटल्या आणि जानेवारी २०१८ मध्ये सारे गुंडाळले गेले. एप्रिल २०१९ मध्ये ‘कोझिकोड’ निवृत्त झाली, तेव्हा नौदलापाशी या कामासाठी बांधलेली एकही नौका उरली नाही.

संरक्षणखर्चाचा प्रश्न निघाला की डाव्या चळवळीत ‘कपात करा’ एवढेच म्हणण्याची सवय जडली आहे. तेवढ्याने भागत नाही. माइनस्वीपर कोणावर चाल करून जात नाही. ती आपल्या बंदराची वाट साफ ठेवते. ज्या राज्यव्यवस्थेला अवाढव्य जहाजांसाठी पैसा सापडतो आणि या लहान नौकेसाठी सापडत नाही, तिच्या अग्रक्रमांवर बोट ठेवणे हे समाजवाद्यांचे काम आहे.

जुलै २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने अशा नौकांच्या खरेदीला पुन्हा तत्त्वतः संमती दिली. मंजुरीपासून नौका पाण्यात उतरेपर्यंत वर्षे जातील. तोवर संसदेत विचारण्याजोगे प्रश्न पुष्कळ आहेत: आराखड्याची मालकी कोणाची राहणार? काचतंतूचे सांगाडे घालण्याची विद्या सरकारी गोदीतील कामगारांच्या हाती येणार, की त्यांनी परक्या आराखड्यावर केवळ जोडकाम करायचे? आणि गोवा शिपयार्डने २०१८ पूर्वी केलेल्या तयारीचे पुढे काय झाले?