आभाळ दाटण्यापूर्वी

चक्रीवादळ हा शब्द कानी पडला म्हणजे देशावरील गृहस्थास ते कोकणपट्टीचे दुःख वाटते. इ. स. २०२० च्या जून महिन्याच्या ३ तारखेस 'निसर्ग' वादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली या बाजूच्या नारळीपोफळीच्या बागा आडव्या केल्या. तेव्हा जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबादेसारख्या गावी राहणाऱ्या कुटुंबाने ती वार्ता वाचून हळहळावे आणि पुन्हा आपल्या कामास लागावे, हे स्वाभाविकच होते. समुद्र येथून अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर. आणि या प्रांताची नित्याची चिंता पाणी फार आल्याची नव्हे, तर न आल्याची. जो मृगापासून आभाळाकडे डोळे लावून बसतो, त्याने त्याच आभाळाचे भय बाळगावे, हे मनास सहसा पटत नाही.

परंतु दुसऱ्याच वर्षी काय घडले ते पाहावे. २०२१ च्या सप्टेंबरात बंगालच्या उपसागरात 'गुलाब' नावाचे चक्रीवादळ उठले आणि २६ तारखेस आंध्र किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ भूमीवर आले. भूमीवर येताच वादळ क्षीण होते हे खरे. तथापि त्याच्या पोटातील बाष्प तत्काळ नाहीसे होत नाही. त्याचा अवशेष तेलंगणातून मराठवाड्यावर आला. २७ व २८ या तारखांस येथे असा पाऊस झाला की मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि काढणीस आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले. पुढे तोच अवशेष अरबी समुद्रात उतरला, तेथे 'शाहीन' या नव्या नावाने पुन्हा प्रबळ झाला आणि ऑक्टोबरच्या ३ तारखेस ओमानच्या किनाऱ्यावर आदळला. एका समुद्रात जन्मलेले वादळ दुसऱ्या समुद्रास जाताना आपल्या अंगणातून गेले. तेव्हा समुद्र दूर आहे, या समाधानात फारसा अर्थ उरलेला नाही.

शिवाय ज्यांना बाहेरून यावेच लागत नाही अशी वादळे आपल्याकडे आहेतच. चैत्रवैशाखात भूमी तापते, दुपारी उष्ण हवा वेगाने वर चढते, समुद्राकडून आलेले बाष्प तीत मिसळते, आणि तिसऱ्या प्रहरी पाहता पाहता वळीव उभा राहतो. आधी धुळीची वावटळ, मग गडगडाट, मग पाऊस. वर जाणारा झोत फार प्रबळ असला तर पाण्याचे थेंब गोठणबिंदूच्या वर उचलले जाऊन त्यांच्या गारा होतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जी गारपीट झाली, तिने खळ्यावर येऊ घातलेला गहू, हरभरा, ज्वारी व बहरलेल्या फळबागा झोडपून काढल्या. पुढे हस्ताच्या पावसातही विजांचा खेळ असतोच. या सर्वांत मनुष्याचा जीव घेणारी मुख्य गोष्ट वीज होय. आणि तिला बळी पडतो तो बहुधा उघड्यावर काम करणारा.

हे सर्व वाचकांस ठाऊक नाही असे नाही. मग दर वर्षी तीच धावपळ आणि तीच हानी का? आमच्या मते याचे कारण अज्ञानात नसून आपल्या कुटुंबरचनेत आहे. एकत्र कुटुंब हे संकटकाळी मोठेच बळ असते. पाच भावांचे दहा हात एकदम कामास लागतात. परंतु संकट येण्यापूर्वीच्या कामास हेच मोठेपण बाधक होते. काम सर्वांचे असते, म्हणून ते कोणाचेच राहत नाही. थोरल्यास वाटते धाकट्याने ताडपत्री काढून ठेवली असेल. धाकट्यास वाटते ते वडीलधाऱ्यांच्या लक्षात असेलच. ताडपत्री कोठे आहे हे एकास ठाऊक, आणि तोच नेमका त्या दिवशी जालन्यास गेलेला! याकरिता एकच उपाय आहे: प्रत्येक कामावर एका माणसाचे नाव घालावे, आणि तो परगावी गेल्यास दुसरा कोण, हेही ठरवावे.

प्रथम घराकडे पाहू. मराठवाड्यात अद्याप ज्यांची माळवदाची घरे आहेत, ते मृगापूर्वी माळवदावर पांढरी माती पसरतात आणि पन्हाळी मोकळ्या करतात. ही वाडवडिलांची दूरदृष्टीच होती. ही चाल चालू ठेवावी. संततधारेने माळवद भिजून जड झाले की तुळयांवर व भिंतींवर भार येतो, म्हणून भिंतीस नवी भेग दिसताच त्या खोलीत कोणासही निजू देऊ नये. पत्र्याच्या छपरावर दगड ठेवण्याची रीत मात्र सोडावी. वाऱ्याने पत्रा उचलला की ते दगड खाली माणसांवर येतात. पत्रे हुकाच्या बोल्टांनी कैचीस आवळून घ्यावे. घरावर झुकलेल्या निंबाच्या वाळक्या फांद्या उन्हाळ्यातच उतरवाव्या. सातबारा, खरेदीखते, विम्याचे कागद, शिधापत्रिका आणि बँकेची पुस्तके एका घट्ट झाकणाच्या डब्यात, उंच फळीवर असावी. तो डबा कोठे आहे हे केवळ कर्त्या पुरुषास नव्हे, तर सासूबाईंस व सुनांसही ठाऊक असावे, कारण वादळ येते तेव्हा घरात बहुधा त्याच असतात. वीज गेल्यास मोटार चालत नाही, म्हणून दोन दिवसांचे पिण्याचे पाणी भरलेले असावे; वृद्धांची रोजची औषधे आठवडाभराची असावी; विजेरीचे सेल पाहून ठेवावे.

दुकान वा गुदाम असणाऱ्यांनी तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, थप्पी कधीही जमिनीवर लावू नये. खाली लाकडी फळ्यांचे ढाचे असावे आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडावे. धान्य, सरकी, खत, सिमेंट यांचा नाश पुराने होतो त्याहून अधिक ओलीने होतो. दुसरी, हिशेबाची एक प्रत दुकानाबाहेर असावी. पूर्वी चोपड्या भिजत. आता सारा हिशेब संगणकात असतो आणि विजेच्या एका झटक्याने तो जाऊ शकतो. गडगडाट सुरू होण्यापूर्वीच यंत्रांच्या पिना काढून ठेवाव्या. तिसरी, विम्याच्या अटी दर वर्षी नव्याने वाचाव्या. पीकविम्याचेच पाहा: २०२३ मध्ये आपल्या राज्यात तो एका रुपयात मिळू लागला आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली, अटीही बदलल्या. गेल्या वर्षीच्या समजुतीवर विसंबणारा पुष्कळदा फसतो. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरवी मिरची नेणारा शेतकरी भावाची चौकशी रोज करतो. तितक्याच नियमाने हवामानाचीही करावी. हवामान खाते जिल्हावार इशारे देते. पिवळा म्हणजे सावध असा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे आता कृती करा. घरातील शाळाकॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींपैकी एकाकडे हे काम सोपवून रोज सायंकाळी तो इशारा मोठ्याने वाचवून घ्यावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे साधन मोबाइलवर घेतल्यास जवळपासच्या विजेची सूचनाही मिळते.

विजेविषयीचा नियम मुलांसही पाठ होण्याजोगा आहे. वीज चमकल्यावर आकडे मोजावे; तीस मोजण्याच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज सुमारे दहा किलोमीटरांच्या आत आहे असे समजून पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली उभे राहू नये; चार खांबांवरचे उघडे छप्पर हा निवारा नव्हे. गुरेही झाडाखाली दाव्याने बांधून ठेवू नयेत. येथे काही जुन्या समजुतींचा परामर्श घेणे अवश्य आहे. पायाळू मनुष्यावर वीज पडते, असे आपल्याकडे म्हणतात. वीज जन्माची रीत पाहत नाही. ती उंच व उघडी जागा पाहते. या समजुतीमुळे पायाळू नसलेला निष्कारण निर्धास्त होतो, हाच तिचा अपाय. वीज पडलेल्यास शेणात वा मातीत पुरून ठेवणे तर प्राणघातक होय. त्याच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही, त्यास शिवण्यात भय नाही. श्वास व नाडी थांबली असल्यास लगेच छाती दाबून कृत्रिम श्वास द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पहिल्या काही मिनिटांत हे झाल्यास मनुष्य वाचू शकतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वर सांगितलेली बहुतेक तजवीज घरात राहणाऱ्यांसाठी आहे. परंतु आभाळ फाटते तेव्हा आपण माडीवर असतो आणि आपला सालगडी शेतात असतो. खुरपणीस आलेल्या बाया बांधावर असतात. गडगडाट ऐकूनही ते काम सोडीत नाहीत, कारण धन्याने जा म्हटलेले नसते. औत सोडले तर बोलणी बसतील, अर्ध्या दिवसाचा रोज कापला जाईल, ही त्यांना धास्ती असते; आणि धनी तर समोर नसतोच. तो घरात बसून मनात म्हणत असतो, 'इतके त्यांना कळेलच.' कळते सर्वांना. मोकळीक मात्र कोणी दिलेली नसते. ज्या कुटुंबास आपल्या धान्याच्या सुडीवर ताडपत्री घालण्याची आठवण राहते आणि ती सुडी रचणाऱ्याची राहत नाही, त्याच्या दूरदृष्टीस आम्ही दूरदृष्टी म्हणणार नाही.

याचा उपाय खर्चाचा नाही. गुढीपाडव्यास सालगड्याचे साल ठरते. धान्य किती, रोख किती, कपडे किती, हे त्या दिवशी बोलून घेतले जाते. त्याच बैठकीत घरातील सर्वांच्या देखत आणखी एक वाक्य बोलावे: गडगडाट ऐकताच औत सोडून निवाऱ्यास यावयाचे, कोणास विचारावयाचे नाही, आणि त्याबद्दल एक पैसाही कापला जाणार नाही. रोजाने येणाऱ्या बायांनाही पहिल्याच दिवशी हेच सांगावे. शेतात पक्का निवारा नसल्यास यंदाच्या खर्चात बोअरच्या मोटारीआधी त्याचा विचार करावा.

वादळ कोणाच्या हाती नाही. परंतु ते येण्यापूर्वीची शांत दुपार आपल्या हाती असते, आणि जे शब्द त्या दुपारी उच्चारले गेले तेच पुढे गडगडाटात उपयोगी पडतात. रोहिणी निघण्यापूर्वी प्रत्येक घराने अशी एक बैठक करावी, कामांवर नावे घालून तो कागद स्वयंपाकघराच्या दारास लावावा, आणि त्या कागदावर शेतात राबणाऱ्यांची नावे सर्वांत वर असावी, इतकीच आमची वाचकांस विनंती आहे.