लेनियरचा तळ

अटलांटाच्या ईशान्येला तासाभराच्या अंतरावर लेक लेनियर नावाचं धरणाचं तळं आहे. इथल्या मराठी मंडळींत त्याचा विषय निघाला की नव्याने आलेले ‘काय सुंदर जागा आहे’ म्हणतात आणि मुरलेले सांगतात, ‘बघायला जा, पण पाण्यात उतरू नका, ते तळं झपाटलेलं आहे.’ ही गोष्ट आता मोबाइलवरून थेट घरापर्यंत पोचली आहे. पाण्याखाली अख्खं गाव उभं आहे, थडगी आहेत, पोहणाऱ्याचे पाय कुणीतरी खाली ओढतं वगैरे. परवा पुण्याहून भाचीने तसा एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, तू याच तळ्यावर एकटा मासे धरायला जातोस ना? आईला सांगू का?’

जरूर सांग. पण त्याबरोबर तळाशी खरोखर काय आहे तेही सांग. आम्हा गळ टाकणाऱ्यांना तेच तर आधी शोधावं लागतं. लेनियरमध्ये बास मासा हवा असेल तर पाण्याच्या वरच्या थरात वर्षातले बरेच महिने काही हाती लागत नाही. वीस, तीस, कधी चाळीस फूट खाली काय आहे हे कळल्याशिवाय इथली मासेमारी सुरूच होत नाही.

मी कयाकवरून गळ टाकतो. कयाक म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी. माझी बारा फुटी, जाड प्लास्टिकची आणि वर बसून चालवायची. बसलं की पाणी हाताशीच. इंजिन नसल्यामुळे जॉर्जियात तिची नोंदणी करावी लागत नाही, मासेमारीचा परवाना मात्र लागतो. शेजारून दोनशे-अडीचशे अश्वशक्तीच्या बास बोटी सुसाट जातात. त्यांना एक जागा पटली नाही तर दहा मिनिटांत दुसऱ्या टोकाला जाता येतं. मला सकाळभरात एखादी खाडी आणि तिच्या तोंडाचा उंचवटा एवढंच झेपतं. ही मर्यादा मला फार मोलाची वाटते. हलता येत नाही म्हणून तीच जागा नीट समजून घ्यावी लागते. इथला कोणता उतार कुठे तुटतो, जुना ओढा कुठून वळत होता, हे वल्हं मारूनच माझ्या अंगात भिनलं आहे. कयाक या पाण्याला नवी नाही. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमधल्या रोइंग आणि कनू-कयाकच्या शर्यती याच तळ्याच्या वरच्या अंगाला, गेन्सव्हिलजवळ झाल्या होत्या.

तळं माणसाने केलेलं आहे. चॅटाहूची आणि चेस्टाटी या दोन नद्या जिथे एकत्र येत होत्या त्याच्या खालच्या बाजूला अमेरिकेच्या लष्कराच्या अभियंता दलाने ब्युफर्ड धरण बांधलं. काम १९५० साली सुरू झालं, १९५६ साली पाणी अडलं आणि पुढे काही वर्षं तळं भरत राहिलं. भरलेल्या तळ्याची पातळी समुद्रसपाटीपासून १,०७१ फूट, क्षेत्र सुमारे ३८,००० एकर आणि धरणापाशी खोली जवळपास १६० फूट. डोंगराळ भागातल्या दऱ्या भरून झालेलं तळं असल्यामुळे त्याचा काठ शेकडो मैल वेडावाकडा फिरतो आणि काठापासून चार पावलांवर तळ एकदम सुटतो. धरणातून खाली सोडलं जातं ते तळाचं पाणी. ते इतकं गार असतं की जॉर्जियासारख्या उष्ण राज्यात धरणाखालच्या नदीत ट्राउट जगतो. खोलीचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

तळं भरण्याआधी दऱ्यांमधली झाडं सगळीच मुळापासून काढली नव्हती. खोल भागातली झाडं बोटींना लागणार नाहीत इतकी शेंड्याकडून छाटली आणि तशीच उभी ठेवली. ती आजही उभी आहेत. थंड, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात लाकूड फार सावकाश कुजतं. माझ्या पुढ्यातल्या फिश फाइंडरच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी तळ आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर ती उभ्या रेघांसारखी दिसतात, त्यांचे शेंडे तीस-पस्तीस फुटांवर संपतात. त्यांच्या अंगाने अधूनमधून छोट्या तिरप्या खुणा असतात. त्या खुणा म्हणजे बास.

इथला मुख्य मासा स्पॉटेड बास. त्याच्यासाठी मी वापरतो ती मांडणी साधी आहे. तंगूसच्या टोकाला शिसं, त्याच्यावर हातभर अंतरावर बारीक गळ आणि गळाला बोटाएवढं रबरी आमिष. शिसं खाली टेकतं, आमिष त्याच्यावर तरंगत राहतं. रॉडचं टोक फक्त थरथरवायचं. कयाक वाऱ्याने सरकू नये म्हणून एक हात वल्ह्यावर ठेवायचा. चावा आला तर तो झटका नसतो, तंगूस थोडी जड झाल्यासारखी वाटते. त्याच क्षणी उचलावं लागतं, नाहीतर मासा फांद्यांमधून वळसा घालतो आणि तंगूस तुटते. मासा वर आला की खालचा जबडा अंगठ्याने धरायचा. हिरवट पाठ, कुशीवरून गेलेली काळसर डागांची पट्टी आणि तिच्याखाली पोटाकडे ठिपक्यांच्या ओळी. जिभेच्या मध्यावर बोट फिरवलं तर कानशीसारखा खरखरीत चट्टा लागतो. जवळचा नातलग लार्जमाउथ बास, त्याच्या जिभेवर तो सहसा नसतो. अंधारात दोघांना ओळखायचं तर मी पडद्यावर किंवा चित्रावर भरवसा ठेवत नाही, अंगठ्यावर ठेवतो.

बासचं वेड जॉर्जियात जुनं आहे. १९३२ साली जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने याच राज्यातल्या मॉन्टगोमरी लेकवर २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाउथ बास धरला. ती नोंद आजही विश्वविक्रम म्हणून उभी आहे. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी तिची बरोबरी केली, एवढंच. लेनियरच्या स्पॉटेड बासकडून कुणी असल्या वजनाची अपेक्षा करत नाही. पाच पौंडांचा मिळाला तर धक्क्यावरची माणसं गोळा होतात.

खोलातल्या माशाबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यामुळे तो हव्या त्या पातळीवर स्थिर राहतो. चाळीस फुटांवरून त्याला घाईने वर ओढलं की पाण्याचा दाब कमी होतो आणि ती पिशवी फुगते. असा मासा सोडला तरी खाली जाऊ शकत नाही. उलटा होऊन पृष्ठभागावर तडफडतो आणि उन्हात किंवा बगळ्याच्या चोचीत संपतो. ‘आम्ही तर सोडून दिला’ असं म्हणून मोकळं होणाऱ्यांनी मागे वळून बघावं. अनुभवी लोक पोकळ सुईने ती हवा काढतात, पण सुई चुकीच्या जागी गेली तर मासा मरतोच. त्यापेक्षा जबड्याला वजनाची क्लिप लावून त्याला पुन्हा खोलात नेऊन सोडणं बरं. माझ्याकडे तशी क्लिप आहे. उन्हाळ्यात फार खोलातले मासे लागायला लागले तर मी ती जागाच सोडतो. नुसत्या हौसेसाठी धरलेला मासा जगलाच पाहिजे, या बाबतीत मी हट्टी आहे.

शोल बास या माशाचं मला वाईट वाटतं. हा चॅटाहूचीचा अस्सल रहिवासी. खडकांवरून खळाळत जाणारं पाणी त्याला लागतं. धरण झालं, खळाळ बुडाले आणि या पट्ट्यात त्याला जागा उरली नाही. आज लेनियरमध्ये जो स्पॉटेड बास म्हणून आपण धरतो तो शास्त्रज्ञांच्या मते मुळात पलीकडच्या खोऱ्यातला, अलाबामाच्या बाजूच्या नद्यांमधला मासा आहे. त्याला खोल, संथ पाणी मानवलं. पुढे ब्लूबॅक हेरिंग हा समुद्रकाठचा चंदेरी मासा इथे आणला गेला आणि बासला भरपूर खाद्य मिळालं. वसंतात हेरिंगचे थवे वर येतात, त्यांच्यामागे बास उसळतात आणि कयाकच्या आजूबाजूचं पाणी फुटतं. ते बघताना हरखून जायला होतं. पण तळ्याची ही श्रीमंती एका नदीच्या मोबदल्यात आलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

आता त्या बुडालेल्या गावाबद्दल. पाण्याखाली घरंदारं असलेलं गाव उभं नाही. पाणी येण्याआधी बहुतेक इमारती पाडल्या किंवा हलवल्या होत्या, दफनभूमीही दुसरीकडे नेल्या होत्या. जमीन गेली ती सुमारे ७०० कुटुंबांची. त्यांच्या रस्त्यांचे पट्टे, जोती, पुलांचे अवशेष खाली आहेत. जुन्या रस्त्याचा सपाट पट्टा पडद्यावर अगदी स्पष्ट दिसतो आणि मासेही त्याच्या कडेने उभे राहतात. डिसेंबर २००७च्या दुष्काळात पातळी १,०५१ फुटांच्याही खाली गेली तेव्हा गेन्सव्हिलजवळ मोटारींच्या शर्यतीच्या जुन्या मैदानाच्या काँक्रीटच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. मी इंदापूर तालुक्यातला. उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि ते बघायला गर्दी होते, हे लहानपणापासून बघत आलो आहे. देवळाबरोबर तिथे लोकांची शिवारंही वर येतात, पण त्यांचे फोटो कुणी काढत नाही. इथेही तेच बघितलं.

भुतांच्या गोष्टीत ऑस्करव्हिल हे नाव हमखास येतं. कृष्णवर्णीयांची वस्ती होती, ती बुडवली, म्हणून शाप लागला, अशी ती गोष्ट. खरा इतिहास याहून वाईट आहे आणि त्याचं पाप धरणावर ढकलता येत नाही. सप्टेंबर १९१२ मध्ये ऑस्करव्हिल ज्या काउंटीत होतं त्या फॉरसाइथ काउंटीत एका गोऱ्या तरुणीच्या खुनानंतर रॉब एडवर्ड्स या कृष्णवर्णीय तरुणाला जमावाने मारलं, दोन पोरसवदा मुलांना फाशी दिली गेली आणि पुढच्या काही आठवड्यांत काउंटीतल्या सुमारे ११०० कृष्णवर्णीयांना धमक्या देऊन, घरं आणि चर्च जाळून हाकललं. कित्येकांच्या जमिनी मातीमोल भावाने गेल्या, काहींच्या नुसत्याच बळकावल्या गेल्या. धरण आलं ते त्यानंतर चार दशकांनी. तोवर ती माणसं तिथे नव्हतीच. पुढे जानेवारी १९८७ मध्ये वीसेक हजार लोकांनी तिथल्या कमिंग गावात वर्णद्वेषाविरुद्ध मोर्चा काढला, तेव्हा कुठे देशाला या काउंटीची ओळख झाली. आज त्याच काउंटीत भारतीयांची मोठी वस्ती आहे. आपली घरं आहेत, आपले गणपती बसतात. हा इतिहास भुताच्या गोष्टीपेक्षा आपल्या मुलांना आधी सांगायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

राहिला प्रश्न माणसं बुडतात त्याचा. बुडतात, हे खरं आहे. तळं झाल्यापासून शेकडो माणसं इथे गेली आहेत. पण त्याची कारणं पडद्यावर दिसतात तितकी उघड आहेत. वर्षाला एक कोटीहून जास्त लोक इथे येतात. काठ मऊ लाल मातीचा. माणूस गुडघाभर पाण्यात चालत असतो आणि पुढच्या पावलाला तळच नसतो. मे महिन्यात वरचा थर कोमट झालेला असतो, खाली पाणी गारच असतं. त्या गारव्याने पहिल्या क्षणाला धाप लागते आणि तोंड उघडं असेल तर पाणी आत जातं. शनिवार-रविवारी मोठ्या बोटींच्या लाटा एकमेकींवर आदळतात, त्यात पट्टीचा पोहणाराही थकतो. वर बियर असतेच. मी म्हणूनच उजाडायच्या आधी पाण्यात उतरतो, मुख्य पात्र टाळून खाडीत राहतो आणि बोटींचा राबता सुरू झाला की बाहेर पडतो. घरी जागा आणि परतायची वेळ लिहून ठेवतो. थंडीत, पाणी दहा अंशांच्या आसपास असताना, अंगाला चिकटणारा रबरी पोशाख घातल्याशिवाय कयाक काढत नाही.

जॉर्जियाच्या कायद्याने चालत्या बोटीत तेरा वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं आहे. मोठ्यांसाठी ते बोटीत असलं की पुरतं. हे मला पटत नाही. सीटखाली पडलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालणं फार अवघड असतं. उन्हाळ्यात भारतातून आई-वडील येतात, नवे विद्यार्थी येतात, त्यांना घेऊन तुम्ही लेनियरवर जाल. पोहता येत असलं तरी प्रत्येकाला काठावरच जॅकेट घाला. पवना, मुळशी, पानशेतला सहलीला जाणाऱ्या पुण्याच्या वाचकांनाही हीच विनंती आहे, कारण तीही तळी दऱ्या भरूनच झालेली आहेत आणि त्यांचाही काठ असाच एकदम सुटतो. चेन वर ओढा, बकल लावा, पट्टे आवळून बघा आणि मगच पाण्याकडे जा.