खोडाला सोवळे कशाला?

फराळाच्या ताटाशेजारी शास्त्राचा वाद आणू नये, हे मान्य. पण ज्या घरातली मुले सुटीतही वनस्पतिशास्त्राच्या व्याख्या घोकीत बसतात, त्या घरापुढे हा वाद मांडायचा नाही, तर मांडायचा कुठे?

आमच्या परिभाषापंडितांनी आल्याला आणि हळदीला नाव दिले 'मूलक्षोड' आणि बटाट्याला 'ग्रंथिक्षोड'. सांगायची गोष्ट मोठी गमतीची आहे. ही मुळे नव्हेत, मातीखाली वाढणारी खोडे आहेत! बटाट्याचा डोळा म्हणजे त्या खोडावरची कळी. म्हणूनच डोळ्यासकट फोड लावली की रोप उगवते. कुणब्याला हे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. 'मातीखालचे खोड' म्हटले असते तर लहान पोरालाही समजले असते. पण खोडाला सोवळे नेसवून त्याचे 'क्षोड' केले, आणि पोराने अर्थ सोडून शब्द तेवढा पाठ केला.

शास्त्राला भारदस्त भाषा हवी, असे कोणी म्हणेल. मग पाश्चात्त्यांचे भारदस्त शब्द आले कुठून, तेही पाहा. पुंकेसराला ते 'स्टेमेन' म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मागावरचा उभा धागा. स्त्रीकेसराला 'पिस्टिल' म्हणतात. त्याचा अर्थ खलातला बत्ता. पाकळीचे 'पेटल' म्हणजे ग्रीकांचे साधे पान. स्वीडनच्या लिनिअसने १७५१ साली 'फिलॉसॉफिया बोटॅनिका'त वनस्पतींची परिभाषा लावून दिली, तीत हे घरगुती शब्द आहेत. विणकराच्या ओसरीवरून आणि स्वयंपाकघरातून शब्द उचलून त्यांचे शास्त्र बाटले नाही. आमच्याकडे तर आंब्याची कोय, फणसाची आठळी, चिंचेचा चिंचोका, कापसाची सरकी, असे दर फळाच्या पोटातल्या वस्तूला वेगळे नाव! एवढी श्रीमंती उंबऱ्याबाहेर ठेवायची, आणि वर म्हणायचे की मराठीत शास्त्राला शब्द नाहीत!

मी संस्कृताचा वैरी नव्हे. जिथे बोलीची नजर पोचली नाही, तिथे नवा शब्द हवाच. झेंडूचे एक फूल म्हणजे पुष्कळ बारीक फुलांचा मेळा. आपण जिला पाकळी म्हणतो, ती एकेक स्वतंत्र फूल. म्हणून तर वाळलेल्या झेंडूत मूठभर बिया निघतात, एकेका फुलाची एकेक. या मेळ्याला 'स्तबक' म्हणतात. स्तबक म्हणजे गुच्छ. अर्थ सांगितला तर केवढा गोड शब्द! अर्थ न सांगता 'स्तबकाची व्याख्या लिहा' असे फर्मावणे हा मात्र मुलावर अन्याय आहे आणि झेंडूवरही.

पाठ्यपुस्तकवाल्यांकडे मागणे एवढेच: घरचा शब्द असेल तर तो आधी घ्या, नवा घडवलात तर त्याचा अर्थ त्याच ओळीत सांगा. आणि आईबापांनो, तुम्ही पुस्तक बदलण्याची वाट पाहू नका. घरात झेंडू आहेच. एक फूल मुलाच्या हाती द्या आणि त्याला ते सोडवू द्या. आधी नजर, मग नाव. ज्या शिक्षणात नाव आधी येते आणि नजर कधीच येत नाही, त्यातून पदवीधर पुष्कळ निघतील. झाड ओळखणारा माणूस निघणार नाही.