पट्टा घट्ट करू नका!

गेल्या मे महिन्यात ताईचा फोन आला. "तुझी भाची आता टँकवर जाणार नाही. सरच म्हणाले, भित्री आहे, पुढच्या वर्षी बघू. भरलेले पैसे गेले पाण्यात." (अक्षरशः! पण तेव्हा हे बोलायची सोय नव्हती.)

आता माझी भाची नऊ वर्षांची, आंब्याच्या शेंड्यापर्यंत चढणारी. ती भित्री असेल तर मी ऑलिंपिकला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम टँकवर गेले. बघते तर काय, कार्टी पाण्याबाहेर आली ती डोळ्यांभोवती दोन लालभडक कडी उमटवून, आणि तरीही गॉगलमध्ये अर्धं पाणी. काठावरचे सर आणि चार आया, सगळ्यांचा एकच मंत्र : पट्टा घट्ट करा.

मंडळी, माझं भांडण या मंत्राशी आहे.

पाणी पट्टा अडवत नाही हो, रबराची कड अडवते. ती डोळ्याच्या खोबणीभोवती सगळीकडून टेकली पाहिजे. पट्ट्याचं काम फक्त गॉगल जागेवर ठेवण्याचं. कड मुळात बसतच नसेल तर पट्टा आवळून ती दुमडते आणि दुसरीकडे फट पडते. मग आणखी आवळा, मग डोकं दुखतं, मग मूल रडतं, मग ते 'भित्रं' ठरतं. १९२६ साली गरट्रूड एडर्ली इंग्लिश खाडी पोहून गेली तेव्हा तिने गॉगलच्या कडा मेणाने बुजवल्या होत्या. फट कडेला असते हे त्या बाईला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. आम्हाला अजून कळायचंय.

आणि सरांनी मला ऐकवलं काय, तर फेल्प्स! २००८ला बीजिंगमध्ये २०० मीटर बटरफ्लायला त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, तरी सुवर्णपदक घेतलं. घेतलं ना, वर विश्वविक्रमही केला. पण तो हात मोजत पोहला, आणि ते मोजता यायला मागे किती वर्षांचा सराव होता! बॅचच्या तिसऱ्या दिवशी नऊ वर्षांच्या पोरीला फेल्प्सचा दाखला देणाऱ्याला काय म्हणावं?

दुकानांबद्दल तर बोलायलाच नको. कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद गॉगल, वर 'ज्युनियर' लिहिलेलं. उघडून बघू का विचारलं तर "मॅडम, एकच साइज येते." चप्पल घेताना आपण दुकानभर चालून बघतो, आणि डोळ्याला लावायची वस्तू चेहऱ्याला न टेकवता घ्यायची! ताईने तेच केलं होतं. गुलाबी, चकचकीत आरशाच्या काचांचा. शोभेला उत्तम.

मी भाचीला घेऊन तीन दुकानं फिरले. तिसऱ्याने उघडू दिला. पट्टा डोक्याला लावायचाच नाही. गॉगल नुसता डोळ्यांवर ठेवायचा, हलकेच दाबायचा आणि हात काढायचा. दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर तो तुमचा, लगेच पडला तर परत डबीत. नाकाजवळून फट दिसली तर आधी नाकावरचा पूल बदलून बघायचा. लहान-मोठे पूल सोबत येतात असेच गॉगल मी घेते. पट्टा नंतर, कानांच्या वर, डोक्यामागे जरा उंचावर, आणि खाली बोट सहज जाईल इतकाच. आणि हो, पोहायला जाताना डोक्याला तेल थापायची आपली पद्धत! ते कपाळावर ओघळतं आणि गॉगल घसरतो. आई, हे तुझ्यासाठी.

पण खरा घोटाळा वेगळाच होता. भाचीला उणे चार नंबर आहे. म्हणजे चष्मा काढला की वीतभरापलीकडे सगळं धूसर. सर काठावरून हाताने खुणा करणार, हिला हातच दिसणार नाही. भिंत किती लांब आहे कळत नाही, मग ती भिंत सोडेल कशाला? मी स्वतः उणे पाच, गेली वीस वर्षं नंबरच्या गॉगलने पोहते, आणि तरी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. लाज वाटली. तयार काचांचे गॉगल अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या फरकाने मिळतात. सिलिंडर त्यात सहसा नसतो, पण पोहायला भागतं. डॉक्टरांना विचारून घ्यावा. कुणी कॉन्टॅक्ट लेन्स घालून पोहायचा सल्ला दिला तर ऐकू नका. पाण्यातले जंतू लेन्सखाली अडकून बुबुळाला संसर्ग होऊ शकतो, तो फार वाईट.

दुसऱ्या दिवशी नवा गॉगल लावून तिने पाण्यात डोकं घातलं, वर काढलं, परत घातलं. मग ओरडली, "मावशी, खाली काळी रेघ आहे!" तीन आठवडे त्या टँकमध्ये उतरत होती, आणि तळाला रेघ असते हे तिला माहीतच नव्हतं. त्या दिवशी तिने त्या रेघेवरून अर्धा टँक पार केला, वेडीवाकडी, पण भिंत सोडून.

सर म्हणाले, "आली हिंमत." मी काही बोलले नाही. इथे बोलतेय.

ताई, तो गुलाबी गॉगल मी टाकून दिलाय, शोधू नकोस.